घरगुती औषधें आणि आपले डोळे

गेल्या वर्षीं दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, तेव्हां इयत्ता नववीच्या वर्गांत खिडकीजवळची एक जागा रिकामी होती. चौकशी करितां असें कळलें कीं, खळ्यावर भात झोडीत असतां त्या मुलाच्या उजव्या डोळ्यास लोंबीचें टोंक लागलें. डोळा लाल झाला व त्यांतून पाणी येऊं लागलें. घरच्या आजीनें परसांतील एका झाडाचीं पानें आणून त्यांचा रस काढला, फडक्यानें गाळला, त्यांत मध मिसळला आणि सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत घातला. दोन दिवस ठणका कमी झाल्यासारखा वाटला. पुढें तो वाढूं लागला. आठव्या दिवशीं बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तेव्हां मुलास तालुक्याच्या गांवीं डॉक्टरांकडे नेण्यांत आलें. डोळ्यांतील व्रणांत बुरशी वाढली होती. आरंभीं तासातासानें औषध घालावें लागलें आणि उपचार दीड महिना चालला. डोळा वांचला, परंतु त्यावर फूल राहिलें. तो मुलगा आतां फळ्यासमोरच्या पहिल्या बांकावर बसतो.

मी त्याच्या घरीं गेलों, तेव्हां आजी ओटीवर बसली होती. ती म्हणाली, “मास्तर, माझ्या सासूनं हेंच औषध गांवभर दिलं. कुणाचं वाईट झालं नाहीं. मग माझ्याच हातून नातवाचा डोळा कां जावा?” या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं मला नीट देतां आलें नाहीं. “आजी, तुमच्या मायेंत कांहीं उणें नव्हतें,” एवढेंच मी म्हणूं शकलों. तें उत्तर सावकाशपणें देण्याचा प्रयत्न या लेखांत करीत आहें. कारण तोच प्रश्न तुम्हां सर्वांच्या घरांत आज ना उद्यां उभा राहणार आहे.

वनस्पतींत गुण आहेतच

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वनस्पतींत औषधी गुण नाहींत, असें या लेखाचें म्हणणें नाहीं. आपल्या देशांत नेत्रवैद्यक फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत डोळ्यांचे ७६ रोग वर्णिले आहेत, आणि मोतीबिंदूवरील शस्त्रक्रियेचाहि तेथें उल्लेख आहे. आजच्या दवाखान्यांतहि वनस्पतींनीं मोठी सेवा केली आहे. डोळा तपासतांना बाहुली मोठी व्हावी म्हणून जीं औषधें वापरतात, त्यांपैकीं अॅट्रोपीन हें धोत्र्याच्या कुळांतील वनस्पतींपासून मिळालेलें आहे. काचबिंदूवर एकोणिसाव्या शतकापासून वापरलें गेलेलें पायलोकार्पीन हें दक्षिण अमेरिकेंतील जाबोरंडी नांवाच्या झुडपाच्या पानांतून निघतें.

पण याच उदाहरणांत दुसरी बाजूहि दडलेली आहे. अॅट्रोपीन ज्या डोळ्यास हवें, त्यास तें उपकारक. परंतु ज्याच्या डोळ्यांत काचबिंदूची एक विशिष्ट प्रवृत्ति आहे, त्यास तेंच औषध एका दिवसांत आंधळा करूं शकेल. शेतांत धोत्रा उपटून त्याच हातानें डोळा चोळणाऱ्या माणसाची बाहुली मोठी होऊन त्यास जवळचें अंधुक दिसूं लागतें, हा अनुभव शेतकऱ्यांना नवा नाहीं. सारांश, ज्या झाडांत बरें करण्याची शक्ति आहे, त्यांत बिघडविण्याचीहि शक्ति असते. “झाडपाला आहे, अपाय काय होणार?” हें वाक्य म्हणून चुकीचें ठरतें.

डोळ्याचा तट

आपल्या बुबुळावर घड्याळाच्या कांचेप्रमाणें एक पारदर्शक पटल असतें. त्याची जाडी मध्यभागीं केवळ अर्धा मिलिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाहून थोडी अधिक, असते. त्यांत रक्तवाहिन्या नाहींत. असत्या तर तें पारदर्शक राहिलें नसतें. त्याचें पोषण मुख्यतः अश्रूंतून व डोळ्याच्या आंतील द्रवांतून होतें. त्वचेस जखम झाली, तर रक्ताबरोबर शरीराचे रक्षक तेथें त्वरित धांवून येतात. या पटलाकडे ते उशिरानें पोंचतात. आणि त्वचेवर व्रण राहिला तर तो केवळ दिसावयास वाईट. पटलाच्या मध्यावर राहिला तर तो प्रकाशाची वाटच अडवितो. त्यालाच आपण फूल पडणें म्हणतों.

या नाजूक पटलाच्या रक्षणासाठीं निर्मात्यानें उत्तम व्यवस्था केली आहे. पापणी मिनिटास सुमारें १५ वेळां मिटते व प्रत्येक वेळीं डोळा पुसून काढते. अश्रु हे नुसतें खारें पाणी नव्हे. अलेक्झांडर फ्लेमिंग या शास्त्रज्ञानें १९२२ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, अश्रूंत जंतूंना विरघळवून टाकणारा एक पदार्थ असतो. त्यास त्यानें लायसोझाइम असें नांव दिलें. प्रयोगास अश्रु पुष्कळ लागत, म्हणून तो लिंबाच्या सालीच्या रसानें आपल्या व सहकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणीत असे! लिंबाचा रस हें डोळ्यांचें औषध मानणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें: फ्लेमिंगला हवें होतें तें डोळ्यांतील पाणी; रस हें तें पाणी काढण्याचें केवळ बोंचरें साधन होतें.

तिसरा पहारेकरी म्हणजे पटलावरील पेशींचा पातळ थर. तो अखंड असेपर्यंत बहुतेक जंतु आंत शिरूं शकत नाहींत. हा जणूं किल्ल्याचा तट होय. त्यावर ओरखडा गेला कीं तटास खिंडार पडतें. लोंबी, उसाचें पान, तूस, काडी यांच्यावर बुरशीचे सूक्ष्म कण असतात. ओरखडा काढतां काढतां ते आंत पेरले जातात. मग वरून पाल्याचा रस घालणें म्हणजे पेरलेल्यास पाणी घालण्यासारखें आहे.

सासूचें औषध कां लागू पडलें?

आतां आजीच्या प्रश्नाकडे वळूं. तिच्या सासूनें ज्यांना औषध दिलें, त्यांपैकीं बहुतेकांचे डोळे आले असावेत. डोळे येणें हा विकार पुष्कळदां विषाणूंमुळें होतो व साधारणतः एक ते दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. २०२३ सालच्या पावसाळ्यांत महाराष्ट्रांत डोळे येण्याची मोठी सांथ आली, ती तुम्हांस आठवत असेल. त्या वेळीं कोणीं गुलाबपाणी घातलें, कोणीं मध घातला, कोणीं कांहींच घातलें नाहीं. आणि बहुतेक सगळे बरे झाले. ज्यानें जें घातलें, त्यास त्यानेंच गुण आला असें वाटलें. संस्कृत पंडित यास काकतालीय न्याय म्हणतात: कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ. फांदी कावळ्यानें मोडली नव्हती.

म्हणजे सासूच्या रोग्यांचा तट शाबूत होता व रोग मुळांतच जाणारा होता. नातवाच्या डोळ्याचा तट फुटला होता व रोग वाढणारा होता. बाहेरून दोन्ही डोळे सारखेच लाल दिसत होते. औषध एकच, हातहि तितकेच प्रेमळ. भेद होता तो रोगांत. आणखी एक भेद स्मरणांत होतो. जे बरे झाले, ते वैद्यिणीचे गुण गात गांवांत फिरले. ज्यांचा डोळा गेला, त्यांनीं नशिबास बोल लावला. म्हणून गांवाच्या आठवणींत केवळ यशच उरतें.

तीन कसोट्या

डोळ्यांत घालावयाचें कोणतेंहि औषध तीन कसोट्यांस उतरलें पाहिजे.

पहिली कसोटी स्वच्छतेची. येथें स्वच्छता म्हणजे डोळ्यांस दिसणारी नव्हे, तर निर्जंतुकता. साधारण जंतूची लांबी एक मिलिमीटरचा सुमारें हजारावा भाग असते. कितीहि तलम मलमलीचीं छिद्रें त्याच्यापुढें महाद्वारासारखीं आहेत; म्हणून फडक्यानें गाळल्यानें चोथा निघतो, जंतु निघत नाहींत. उकळल्यानें बहुतेक जंतु मरतात, पण निवतांना हवेंतील, भांड्यावरील व बोटांवरील नवे जंतु त्यांत उतरतात. विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग करून पाहा: त्रिफळ्याचा किंवा धण्यांचा काढा करून वाटींत उघडा ठेवा. पहिल्या दिवशीं तो निर्मळ दिसेल. दोन-चार दिवसांत तो गढूळ होईल अथवा त्यावर तवंग येईल. गढूळपणा दिसूं लागला त्याच्या कितीतरी आधींच जंतूंची वसाहत झालेली असते.

मिठाच्या पाण्याचीहि तीच गोष्ट. दवाखान्यांतील क्षारजलांत लिटरमागें ९ ग्रॅम मीठ असतें व तें निर्जंतुक करून बंद केलेलें असतें. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत डोळ्यांवर स्पर्शभिंगें वापरणाऱ्या कित्येकांना एका सूक्ष्म अमीबामुळें दुर्धर नेत्रव्रण झाले. शोध घेतां, घरीं केलेल्या मिठाच्या पाण्यांत भिंगें ठेवण्याची संवय हें त्याचें एक प्रमुख कारण ठरलें. पुढारलेल्या देशांत हें घडलें, मग आपल्या विहिरीच्या पाण्याविषयीं काय बोलावें!

दुसरी कसोटी मात्रेची. औषधशाळेंतील थेंबांत औषध किती, आम्लता किती, हें मोजलेलें असतें. एकाच झाडाच्या कोंवळ्या व जून पानांत, उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत, गुणकारी द्रव्याचें प्रमाण बदलतें. घरच्या खलबत्त्यास तें मोजतां येत नाहीं.

तिसरी कसोटी निदानाची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. डोळा लाल होण्याचीं कारणें अनेक: सांथ, धुळीचें वावडें, जखम, पटलाचा व्रण, डोळ्याच्या आंतील सूज, काचबिंदूचा झटका. यांतील कांहीं विकारांत आठ दिवस थांबलें तरी चालतें. कांहींत आठ तासहि फार होतात. औषध निरुपद्रवी असलें, तरी तें घालीत बसण्यांत गेलेला काळ निरुपद्रवी नसतो.

नेहमींच्या कांहीं वस्तु

या कसोट्या लावून घरांतील वस्तूंकडे पाहूं. मधांत जंतुनाशक गुण आहेत हें खरें. परंतु पोळ्यांतून पिळलेला मध निर्जंतुक नसतो, आणि त्यांत कांहीं जंतूंचीं बीजें जिवंत राहतात. बाजारांतील गुलाबपाणी सुगंधासाठीं व त्वचेसाठीं केलेलें असतें, डोळ्यांसाठीं नव्हे. कांद्याचा व लिंबाचा रस हे सरळसरळ दाहक होत. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत आईचें दूध पिळण्याची चाल आहे. तें बाळाच्या पोटासाठीं अमृत आहे, पण महिन्याच्या आंतील बाळाच्या डोळ्यांतून पू येत असेल, तर घरगुती उपायांत एक दिवसहि घालवूं नये.

रुईचा चीक हा सर्वांत कपटी. मारुतीस वाहण्याकरितां पानें तोडतांना तो बोटांस लागतो व तेंच बोट डोळ्याकडे जातें. कित्येकदां फारसें दुखतहि नाहीं; पण बुबुळाचें पटल सुजून दृष्टि धुरकट होते. खुपऱ्या, वडस किंवा फूल घालविण्यासाठीं हा चीक डोळ्यांत घालणें ही स्वहस्तें केलेली हानि होय.

काजळाविषयीं आयाबहिणींचा जिव्हाळा मला ठाऊक आहे. परंतु एकच डबी व एकच बोट सगळ्या मुलांच्या डोळ्यांतून फिरलें, म्हणजे एकाचा रोग सर्वांस मिळतो. खुपऱ्यांचा रोग असाच बोटें, फडकीं व माशा यांच्या द्वारें पसरे. भारतांत ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२४ सालीं जाहीर केलें. तें श्रेय औषधांइतकेंच स्वच्छ तोंड व स्वच्छ पाणी यांचें आहे. सुरम्याची गोष्ट याहून गंभीर. पुष्कळसा सुरमा म्हणजे शिसें व गंधक यांच्या संयोगाचें खनिज असतें. हें शिसें शरीरांत जाऊन लहान मुलांच्या मेंदूस अपाय करतें.

दुकानांतून परस्पर आणलेलीं औषधेंहि या लेखाच्या बाहेर ठेवतां येत नाहींत. कांहीं थेंबांत स्टेरॉइड असतें. त्यानें लाली लवकर ओसरते व रोगी खूष होतो. परंतु बुरशीचा व्रण त्यानेंच भडकतो, आणि दीर्घकाळ घातल्यास काचबिंदु व मोतीबिंदु होऊं शकतात. शेजाऱ्याची उरलेली बाटली हें तर घरगुती औषधाहूनहि वाईट घरगुती औषध होय.

मग घरीं करावें तरी काय?

पुष्कळ कांहीं करतां येतें. एक सोपा नियम ध्यानांत ठेवावा: वनस्पतीचा उपयोग ताटांत करावा किंवा मिटलेल्या पापणीवर करावा, उघड्या डोळ्यांत करूं नये.

ताटांतील उपयोग सर्वांत मोठा आहे. अ जीवनसत्त्वाच्या अभावीं प्रथम रातांधळेपणा येतो व पुढें बुबुळच विरघळून जाऊं शकतें. शेवग्याचा पाला, माठ, पालक, गाजर, तांबडा भोपळा, पिकलेली पपई व आंबा यांतून शरीर तें जीवनसत्त्व तयार करतें. दूध, अंडें व यकृत यांत तें तयारच असतें. तें स्निग्ध पदार्थांत विरघळतें, म्हणून पालेभाजीस थोडी तेलाची फोडणी हवीच. याच कारणानें १९७० सालापासून सरकारनें लहान मुलांस या जीवनसत्त्वाचे डोस देण्याची योजना चालविली आहे: नवव्या महिन्यांत पहिला, व पुढें पांच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनीं. आपल्या धाकट्या भावंडांस ते मिळाले कीं नाहींत, हें विचारणें तुमचें काम आहे. आवळाहि अवश्य खावा. पोटांत गेलेला आवळा डोळ्यांत पिळलेल्या आवळ्यापेक्षां शतपटीनें हितकर.

पापणीवरील उपयोगहि निर्धास्तपणें करावा. रांजणवाडी झाली असतां उकळून कोमट केलेल्या पाण्यांत स्वच्छ फडकें भिजवून मिटलेल्या डोळ्यावर पांच-दहा मिनिटें, दिवसांतून तीन-चार वेळां शेक द्यावा. ती पिळूं अगर टोंचूं मात्र नये. डोळे आले किंवा वावड्यानें खाजूं लागले, तर थंड पाण्याची घडी ठेवावी. धुतलेल्या काकडीच्या चकत्या मिटल्या डोळ्यांवर ठेवल्यानें गारवा मिळतो. चिपडें उकळून निवविलेल्या पाण्याच्या बोळ्यानें आंतून बाहेर पुसावीं, प्रत्येक डोळ्यास वेगळा बोळा घ्यावा, आणि पंचा व उशी स्वतंत्र ठेवावी.

एका अपघातांत तर घरचें पाणी हेंच सर्वश्रेष्ठ औषध ठरतें. चुन्याची पुडी फुटून चुना डोळ्यांत उडाला, किंवा फरशी पुसण्याचें द्रव उडालें, तर क्षणाचाहि विलंब न लावतां डोळा उघडा धरून नळाच्या किंवा तांब्याच्या धारेनें निदान अर्धा तास सतत धुवावा. पापणीखालचे चुन्याचे कण ओल्या स्वच्छ कापडानें काढावे, कारण ते तेथें राहून जाळीत राहतात. आणि मग डॉक्टरांकडे धांवावें. चुन्यावर उतारा म्हणून लिंबू पिळूं नये, दूधतूपहि शोधीत बसूं नये. या वेळीं पाणी निर्जंतुक नाहीं याची चिंता करूं नये, कारण जंतूंहून चुना अधिक घाई करतो. १९०५ सालीं ओलोमोउत्स गांवीं एडुआर्ड झिर्म या डॉक्टरानें एका माणसाच्या डोळ्यावर दुसऱ्याचें पटल बसविण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. त्या रोग्याचे दोन्ही डोळे चुन्यानेंच गेले होते.

केव्हां थांबूं नये

डोळ्यास मार लागणें किंवा ओरखडा जाणें, तीव्र ठणका, अंधुक दिसणें, उजेड सहन न होणें, बुबुळावर पांढरा डाग, दिव्याभोंवतीं रंगीत वलयें दिसून ओकारी येणें, स्पर्शभिंग वापरणाऱ्याचा डोळा लाल होणें, तान्ह्या बाळाच्या डोळ्यांतून पू येणें: यांतील एकहि खूण दिसली, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. साधी लालीहि दोन दिवसांत कमी न झाल्यास जावें. नेपाळांत भक्तपूर येथें गांवोगांवच्या आरोग्यसेवकांनीं, ओरखडा गेलेल्या लोकांना लगेच प्रतिजैविक मलम तीन दिवस देऊन पाहिलें. जवळजवळ सर्वांचे डोळे व्रण न होतां बरे झाले, आणि जे लवकर आले त्यांना अधिक लाभ झाला. आमच्या विद्यार्थ्याला पहिल्याच संध्याकाळीं असें मलम मिळालें असतें, तर कदाचित् तो आजहि खिडकीजवळच बसला असता.

योहानाच्या शुभवर्तमानांत प्रभु येशूनें जन्मांधाच्या डोळ्यांस चिखल लाविल्याची कथा आपण वाचतों. ती देवाच्या सामर्थ्याची खूण आहे, औषधाची कृति नव्हे. आणि त्या आंधळ्यासहि पुढें जाऊन डोळे धुण्यास सांगितलें होतें. प्रार्थना करणाऱ्या हातांनीं दवाखान्याची वाट धरूं नये, असें धर्मानें कोठेंहि सांगितलेलें नाहीं.

या उन्हाळ्यांत मी पुन्हां त्या घरीं गेलों व वर लिहिलें तें सर्व आजीस समजेल अशा शब्दांत सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाली, “म्हणजे सासूबाई खोट्या नव्हत्या, पण माझ्या नातवाचं दुखणं निराळं होतं.” मीं म्हटलें, “होय आजी, आणि तें निराळें आहे हें ओळखणें तुमच्या किंवा माझ्या हातचें नव्हतें.” त्या दिवसापासून शेजारच्या कोणाच्या डोळ्यांत काडी गेली, तर ती स्वतः त्या मुलाचा हात धरून आरोग्यकेंद्रांत नेते, असें तिचा नातू मला सांगतो. विद्यार्थीमित्रहो, तुमच्या घरींहि अशा आज्या आहेत. त्यांच्या ज्ञानास हंसूं नका. परंतु त्यांच्या प्रेमास योग्य वाट दाखविण्याइतकें शिक्षण तुम्हांस मिळालें आहे, हें विसरूं नका.